मेन्शियसच्या मातोश्रींची तीन बिऱ्हाडं

मुलांसाठी क्लास शोधत हिंडणाऱ्या आयांची एखादी जागतिक संघटना निघालीच, तर तिच्या कचेरीत तसबीर कुणाची लावायची यावर वाद व्हायचं कारण नाही. मेन्शियसच्या मातोश्रींची. मेन्शियस म्हणजे कन्फ्यूशियसच्या खालोखाल मान असलेला चिनी तत्त्वज्ञ, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला. मोठेपणी तत्त्वज्ञ, लहानपणी चारचौघांसारखं कार्टं. वडील लवकर वारलेले. मायलेकरांचं पहिलं बिऱ्हाड होतं स्मशानाजवळ, तर पोरगा प्रेतयात्रेचा खेळ खेळू लागला. आईने बिऱ्हाड हलवलं ते बाजारात. तिथे तो घासाघीस करायला शिकला. (आपल्याकडच्या एखाद्या बापाने यावर खूश होऊन त्याला दुकान काढून दिलं असतं.) तिसरी खोली बाईंनी घेतली ती शाळेला लागून. मुलगा गुरुजींसारखं उठू-बसू लागला, नमस्कार करू लागला, तेव्हा कुठे बाईंनी गाठोडी सोडली. पुढे एकदा स्वारी अभ्यासाला कंटाळून घरी आली, तेव्हा त्यांनी मागावरचं निम्मं विणलेलं कापड टरकन कापलं आणि अर्धवट अभ्यास कसा दिसतो ते दाखवलं.

ही कथा चीनमधली पोरं शेकडो वर्षं पाठ करत आली. तीन-तीन अक्षरांच्या ओळींचं एक बालबोध पुस्तक आहे. त्याला आपण 'त्र्यक्षरी' म्हणू. ते तेराव्या शतकातल्या वांग यिंगलिन नावाच्या पंडिताच्या नावावर सांगतात. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली जात होती त्या सुमाराचा हा गृहस्थ. त्यात या मातोश्री सुरुवातीलाच भेटतात. वाचायला शिकणाऱ्या पोराला पहिल्या दमात काय कळावं, तर तुझ्या शिक्षणासाठी आईने किती घरं बदलली ते!

हा सगळा इतिहास उकरून काढण्याचं कारण असं, की सध्या आमचा मुक्काम सिंगापूरला चिरंजीवांकडे आहे आणि घरात चार वर्षांच्या नातीसाठी चिनी भाषेचा क्लास निवडण्याचं काम चालू आहे. मुलीच्या लग्नाला स्थळं पाहतात तसे क्लास पाहणं चाललं आहे. जेवणाच्या टेबलावर पत्रकांची चळत आहे. एकात बारा मुलांमागे एक बाई, एकात सहांमागे एक. एकात शिक्षिका थेट बीजिंगच्या, दुसऱ्यात इथल्याच, 'मुलांना समजून घेणाऱ्या'. कुठे नाटुकल्यांतून शिकवतात, कुठे चित्राच्या पुस्तकांतून, कुठे आधी अक्षरओळख मग बाकीचं, कुठे आधी रोमन लिपीतलं पिनयिन. आम्हाला यातलं काही कळत नाही, म्हणून आम्ही मत देत असतो.

पूर्वी हा घोळ नव्हता. चीनमधल्या जुन्या पाठशाळेत पद्धत एकच: ओरडून पाठ करा, अर्थ नंतर कधीतरी कळेल. म्हणायची वेळ आली की विद्यार्थ्याने गुरुजींकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे पुस्तकात डोकावता येत नाही. चिनीत 'पाठ म्हणणं' याला जो शब्द आहे त्यातलं पहिलं अक्षर 'पाठ' म्हणजे शरीराची पाठ हेच आहे! मराठी माणसाला हा श्लेष फुकट कळतो, सूनबाईंना सांगितला तर त्या म्हणाल्या, "बाबा, हे क्लासला सांगा, फी कमी करतील." त्र्यक्षरीनंतर यायचं 'सहस्राक्षरी', म्हणजे एकही अक्षर पुन्हा न वापरता रचलेलं हजार अक्षरांचं काव्य. सम्राटाच्या हुकमावरून कवीने ते एका रात्रीत रचलं आणि सकाळी त्याचे केस पांढरे झालेले होते, अशी दंतकथा आहे. शिकणाऱ्यांच्या केसांची नोंद कुणी ठेवलेली नाही. या सगळ्याच्या टोकाला असायची सरकारी परीक्षा. ती १९०५ साली बंद झाली, आणि मग लोकांच्या लक्षात आलं की अक्षरं सगळ्यांची एक असली तरी बोलणं एकाचं दुसऱ्याला कळत नाही.

अक्षरांचे उच्चार एक करण्यासाठी १९१३ साली बीजिंगला एक परिषद भरली. महिनोन् महिने चालली. उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे पंडित हमरीतुमरीवर आले. असं सांगतात, की शांघायकडचे एक सदस्य आपल्या बोलीत 'रिक्षा' म्हणाले, ते वांग झाओ या उत्तरेकडच्या पुढाऱ्याला एका अर्वाच्य शिवीसारखं ऐकू आलं, आणि तो बाह्या सरसावून त्यांच्या अंगावर धावून गेला. एकभाषेची गरज सिद्ध करायला याहून सबळ पुरावा कुठला! उत्तरेकडच्यांचं पारडं जड झालं. आज ज्याला मँडरिन म्हणतात ती राष्ट्रभाषा झाली, आणि १९५८ साली तिला पिनयिन ही रोमन लिपीची कुबडी मिळाली.

सिंगापूरच्या चिन्यांना मात्र मँडरिन तितकीच परकी होती जितकी आपल्या कोकणातल्या माणसाला काश्मिरी. हे लोक दक्षिण चीनमधून आलेले. बोलायचे होक्यन, तिओच्यू, कँटनीज, हाक्का. १८५४ साली इथे निघालेल्या एका जुन्या पाठशाळेत अभिजात ग्रंथ होक्यनमधून शिकवीत. सुखवस्तू घरातली मुलं इंग्रजी शाळेत जात. त्यांतलाच लिम बून केंग हा हुशार मुलगा १८८७ साली राणीची शिष्यवृत्ती घेऊन एडिंबराला डॉक्टर व्हायला गेला. तिथे कुणीतरी चिनी मजकूर पुढे केला आणि त्याला तो वाचता येईना. चेहरा चिनी, अक्षर ओळखीचं नाही! ती लाज त्याला आयुष्यभर पुरली. परत आल्यावर त्याने स्वतः चिनी शिकायला घेतलं आणि १८९९ साली स्वतःच्या घरी मँडरिनचा क्लास काढला. सूनबाईंच्या टेबलावरच्या पत्रकांचा हा मूळपुरुष. पुढे तो चीनमधल्या एका विद्यापीठाचा प्रमुखच झाला.

उलटा मासला ली क्वान यू यांचा. शाळेच्या वयाचे होण्याआधीच त्यांना आईच्या आईने कोळ्यांच्या पोरांबरोबर चिनी शिकायला पाठवलं. झावळ्यांची झोपडी, जमीन चोपलेल्या मातीची, आणि समोर घोकंपट्टी. पोराने आईकडे कटकट केली, आईने आजीकडे रदबदली केली, आणि त्यांची रवानगी इंग्रजी शाळेत झाली. हेच गृहस्थ पुढे देशाचे पंतप्रधान झाले, तिशी उलटल्यावर मँडरिन गिरवत बसले, आणि तिन्ही मुलांना त्यांनी चिनी शाळेत घातलं. ज्या क्लासातून आपण पळालो त्याच क्लासात देशाला बसवायचं, असं भाग्य सगळ्याच बापांना लाभत नाही. शाळेत इंग्रजी आणि शिवाय 'मातृभाषा', हा नियम आला. चिन्यांची मातृभाषा मँडरिन ठरली. ती त्यांच्या मातांना येत नव्हती हा तपशील झाला.

मग १९७९ साली 'मँडरिन बोला' ही मोहीम सुरू झाली. बोली कमी करा, मँडरिन वाढवा. टेलिव्हिजनवरून बोलीतले कार्यक्रम गेले. हाँगकाँगच्या मालिका कँटनीजऐवजी मँडरिनमध्ये बोलू लागल्या आणि कितीतरी म्हाताऱ्या माणसांचा संध्याकाळचा सोबती एकाएकी परक्या भाषेत बडबडू लागला. नावंही बदलली. शाळेच्या दाखल्यावर बाप तान आणि मुलगा चेन! सेरांगून रोडवरचा तेक्का बाजार तर आपल्या मंडळींच्या चांगल्या ओळखीचा, कोथिंबीर-कढीलिंब तिथलाच. तेक्का म्हणजे होक्यनमध्ये बांबूच्या बेटाचा पायथा. नवी इमारत झाली तेव्हा १९८२ साली त्याचं मँडरिन नाव ठेवलं 'झूज्याव'. आता यातला 'झू' चढत्या सुरात म्हटला तर बांबू. तोच सपाट सुरात राहिला तर डुकराचे पाय. तामिळ फुलवाल्यांनी, मलाय खाटकांनी आणि होक्यन म्हाताऱ्यांनी हे सूर सांभाळायचे कसे? कुणीच सांभाळले नाहीत. सगळे तेक्काच म्हणत राहिले, आणि २००० साली सरकारने पाटी पुन्हा तेक्काची केली.

बोलींना एवढं नशीब नव्हतं. आमच्या शेजारच्या घरात ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई आहेत. बोलतात होक्यन. मुलाला होक्यन कळते, पण तो बायकोशी मँडरिन बोलतो; नातू इंग्रजी बोलतो आणि आठवड्यातून दोनदा मँडरिनच्या क्लासला जातो. म्हणजे तीन खोल्यांच्या घरात तीन भाषा, आणि आजी-नातवाचा संवाद केळं सोलून हातात देण्यापुरता. गंमत अशी, की बोली हटवून मँडरिनसाठी जी जागा रिकामी केली तीत इंग्रजी येऊन बसली. २०२०च्या जनगणनेत पाच वर्षांवरच्या ४८.३ टक्के रहिवाशांनी घरात मुख्यतः इंग्रजी बोलतो असं सांगितलं. घरात नाही ती भाषा मग विकत आणावी लागते. २०१७-१८च्या पाहणीत इथल्या कुटुंबांचा शिकवण्यांवरचा खर्च वर्षाला १४० कोटी डॉलर भरला.

तुम्ही म्हणाल, यात तुमच्या नातीचं काय अडलं? अडलं ते अर्जावर. इथे मातृभाषा अर्ज भरून घ्यायची असते, आणि ती बरीच वर्षं वडिलांच्या वंशावरून ठरत आली आहे! भारतीयांसाठी आधी फक्त तामिळ होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हिंदी, बंगाली, पंजाबी, गुजराती आणि उर्दू या पाच आल्या. मराठी यादीत नाही. म्हणजे आमच्या नातीने परकी मातृभाषा घ्यायचीच आहे, तर हिंदीऐवजी चिनी का नको, असा सूनबाईंचा बिनतोड सवाल. आमच्या सौ.चं म्हणणं, "अगं, पण मग माझ्याशी कधी बोलायचं तिने?" "आई, मराठी घरात येईलच की." यावर सौ. शेजारच्या दाराकडे पाहून गप्प बसल्या.

चिनी शिकण्याला आमचा विरोध नाही. सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ साली चीनला गेले, भाषा शिकले, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. १९५४ साली नेहरू आणि माओ बोलले तेव्हा मध्ये दुभाषे होते वसंत परांजपे. पण कोटणीस चिनी शिकले ते चिनी जखमींच्या उशाशी आणि परांजपे बीजिंगच्या विद्यापीठात राहून. मेन्शियसच्या मातोश्रींनीही क्लास बदलला नव्हता, शेजार बदलला होता. हा मुद्दा मी मांडला, तर चिरंजीव म्हणाले, "बाबा, शाळेजवळच्या फ्लॅटचं भाडं माहीत आहे का?" आणि बातमी खरी आहे; नावाजलेल्या प्राथमिक शाळांच्या जवळ राहणाऱ्यांना इथे प्रवेशात अग्रक्रम मिळतो. मातोश्री या गावात अजून बिऱ्हाडं हलवताहेत.

शेवटी तीन क्लास पाहून झाले. नातीने स्वतःच निकाल दिला: ज्याच्या दारात माशांची पेटी होती तो. सहा मुलांमागे एक बाई, अक्षरं आधी, पिनयिन नंतर. गेला महिनाभर ती जाते आहे. दुपारी मात्र ती शेजारच्या आजीबाईंच्या दारात बसून शेंगा निवडू लागते, आणि परवापासून लिफ्टमध्ये मजले मोजते, "इत, जी, सा, सी, गो!" आम्हाला वाटलं, काय पटकन उचललं पोरीने. आजीबाई तर तिला दिसेल त्याला दाखवत सुटल्या आहेत. हे आकडे होक्यनमधले. काल क्लासच्या बाईंचा निरोप आला, इंग्रजीत: घरी कुणीतरी मुलीला चुकीचं चिनी शिकवत आहे, तेवढं कृपया थांबवावं. सूनबाईंनी तो शेजारी अजून सांगितलेला नाही.