शेवटच्या नळाचं पाणी

८ जानेवारी २०१८ रोजी पुण्यात, पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत ‘प्रत्युष’ हा महासंगणक देशाला अर्पण झाला. चार पेटाफ्लॉप्सचं यंत्र, क्रे कंपनीचं एक्ससी ४०. त्याच्या वेगाबद्दल तेव्हा पुष्कळ छापून आलं. मला त्याच्या पाण्याबद्दल लिहायचं आहे, कारण मी धारूरचा. बालाघाटावरच्या आमच्या गावात पाइपलाइन दिसली की पहिला प्रश्न एकच: शेवटच्या घराला काय मिळतं?

संगणक पाण्याने थंड करतानाही हाच प्रश्न असतो. एकाच नळीतून पाणी आधी प्रोसेसरवरून, मग ग्राफिक्स कार्डावरून न्यायचं, म्हणजे सिरीज. की मुख्य नळीला फांद्या फोडून दोघांना एकाच वेळी द्यायचं, म्हणजे पॅरलल? वाटतं, सिरीजमध्ये मागच्याच्या वाट्याला तापलेलं पाणी येणार. हिशेब केला तर ही भीती बरीच ओसरते. मिनिटाला चार लिटर पाणी वाहत असेल आणि पहिल्या भागाने तीनशे वॅट उष्णता त्यात सोडली, तर पाणी तापतं जेमतेम एक अंशाने. सिरीजची खरी किंमत दाबात मोजावी लागते. वाटेतला प्रत्येक भाग अडथळा वाढवतो आणि पंपाचा जीव जातो. पॅरललमध्ये अडथळा कमी, पण पाणी सोपी वाट धरतं. एका फांदीत गाळ बसला की तिचं पाणी गुपचूप दुसरीकडे वळतं. सिरीजमध्ये तुंबलं तर सगळ्यांचंच तुंबतं, आणि लगेच ओरड होते. पॅरललमध्ये एकट्याची उपासमार होते, बाकीच्यांना पत्ताही नसतो. गल्लीतल्या नळाला शेजाऱ्याने मोटार लावलेली ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं समजावायला नको.

घरच्या संगणकात एक अंश क्षुल्लक. कपाटांची रांगच असली की मात्र उष्णता साठत जाते. क्रेच्या एक्ससी यंत्रांत त्यावरचा उपाय मला फार आवडतो. तिथे हवा रांगेतून आडवी वाहते, एका कपाटातून निघून पुढच्यात शिरते. म्हणजे हवा सिरीजमध्ये. पण प्रत्येक कपाटाला थंड पाण्याच्या नळ्यांची जाळी असते. तापलेली हवा तिच्यातून निवूनच पुढे सरकते. या जाळ्यांना पाणी मात्र ज्याचं त्याला, वेगळ्या फांदीने. शेवटच्या कपाटाला शिळी हवा मिळत नाही.

क्रे आणि पुणे यांचं नातं जुनं, आणि थोडं कडवट. १९८०च्या दशकात अमेरिकेने बरेच आढेवेढे घेऊन भारताला क्रे एक्स-एमपी दिला तो फक्त हवामानाच्या कामासाठी, आणि तो बसला दिल्लीत. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला: बलाढ्य असा एकच प्रोसेसर नाही, तर पुष्कळ लहान प्रोसेसर समांतर कामाला जुंपलेले. पुढे सत्तावीस वर्षांनी क्रेचंच यंत्र मान्सूनसाठी पुण्यात आलं.

१ जून २०१८पासून ‘प्रत्युष’ आणि नोएडातल्या ‘मिहीर’च्या जोरावर बारा किलोमीटरच्या जाळीवर पावसाचे अंदाज निघू लागले. धारूर आणि घाटाखालचा मुलूख आता एकाच चौकटीत गाडला जात नव्हता. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. बीड जिल्हाही त्यात होता.