ओजुएलेग्बाचा नाका, जून १९९३

शुक्रवार, ११ जून १९९३. सकाळचे सात वाजलेत आणि तुम्ही लागोसमध्ये, ओजुएलेग्बाच्या नाक्यावर उभे आहात. डोक्यावरून पूल गेलाय. पुलाखाली पिवळ्या डान्फो गाड्या एकमेकींना घासत पुढे सरकतायत. दारात लोंबकळणारा कंडक्टर 'याबा, याबा' ओरडतोय आणि सुट्टे नसतील तर चढू नका म्हणून प्रत्येकाला दम देतोय. आपली तीनचाकी रिक्षा शोधू नका, ती इथे यायला अजून काही वर्षं आहेत. पुण्याच्या बजाजच्या गाड्या पुढे याच शहराच्या गल्ल्या भरून टाकतील, पण आज नाही. या नाक्याला नाव मिळालंय एलेग्बाच्या ठाण्यावरून. योरुबा लोकांचा हा चव्हाट्याचा देव.

गर्दी आहे ती पेपरवाल्याभोवती. फळीवर आणि खाली जमिनीवर पेपर मांडलेत आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर दगड ठेवलाय. पंच, गार्डियन, व्हॅनगार्ड, डेली टाइम्स, नॅशनल कॉनकॉर्ड. बाजूला टेल आणि न्यूजवॉच ही साप्ताहिकं, प्रेमकथांचं हिंट्स आणि इकेबे सुपर हे चावट विनोदाचं चित्रमासिक. वीस-पंचवीस माणसं वाकून मथळे वाचतायत. पेपर विकत घेणारे त्यातले दोन-तीनच. बाकीच्यांना अख्खं लागोस 'फ्री रीडर्स असोसिएशन' म्हणतं. या मंडळाला ना कार्यालय, ना अध्यक्ष, ना वर्गणी. पेपरवाला मधूनमधून खेकसतो, पण हाकलत कोणालाच नाही. चार नाणी टेकवली तर उभ्या उभ्या पेपर वाचून परत करायचीही सोय आहे.

तुम्ही पुढे सरकता. उद्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आहे आणि काल रात्री अबुजाच्या एका न्यायालयाने ती थांबवण्याचा हुकूम काढलाय. अर्ज केला होता आर्थर न्झेरिबे यांच्या 'असोसिएशन फॉर बेटर नायजेरिया'ने.

"मॅराडोनाने परत चेंडू वळवला," निळ्या शर्टातला एक कारकून म्हणतो.

मॅराडोना म्हणजे जनरल इब्राहिम बाबांगिडा. ऑगस्ट १९८५ पासून सत्ता त्यांच्या हातात आहे. १९९० मध्ये सोडतो म्हणाले, मग १९९२ वर गेलं, मग जानेवारी १९९३ आणि आता ऑगस्ट. इतक्या जणांना चकवणाऱ्या माणसाला लोकांनी दुसरं कुठलं नाव दिलं असतं?

"निवडणूक होणारच," रेल्वेतून निवृत्त झालेले एक म्हातारे गृहस्थ सांगतात. त्यांना सगळे बाबा म्हणतात. "निवडणूक आयोगाचा न्वोसू प्रोफेसर आहे. निवडणुकीत कोर्टाने हात घालायचा नाही असा हुकूम सरकारनेच काढलाय. आपलाच हुकूम कसा मोडतील?"

"बाबा, तुमचं पेन्शन वेळेवर येतं का? मग सरकारच्या हुकमाचं कशाला सांगता?"

हशा पिकतो. बाबाही हसतात. इथे टोमणा खाल्लेल्याने हसायचं आणि लगेच दुसऱ्याला टोमणा मारायचा, अशीच रीत आहे. बाबा वळतात ते न्नेवीहून आलेल्या तरुणाकडे. हा इग्बो मुलगा गाड्यांचे सुटे भाग विकतो आणि रोज इथे येऊन आधी हिंट्स चाळतो, मग राजकारण.

"तुझी नर्स काय म्हणते? पत्राचं उत्तर आलं?"

आता साऱ्या घोळक्याचं लक्ष निवडणुकीवरून उडून या मुलाकडे लागतं. मुलगी योरुबा आहे, नर्सिंग शिकते, एबुटे मेट्टाला राहते. मुलाने पत्रात डिक्शनरीतले सगळ्यात लांब शब्द घातलेत हे सगळ्यांना माहीत आहे, कारण पत्राचा मसुदा इथेच, याच फळीवर दुरुस्त झालाय. कारकून म्हणतो, मुलीला एवढी इंग्रजी नको असते, तिला सिनेमाला ने. डोक्यावर आगेगे ब्रेडची परात घेतलेली बाई म्हणते, सिनेमा राहू दे, आधी आईला विचार. आई इग्बो सून मागेल, नंतर रडत बसू नकोस.

"आई घाबरते," मुलगा सांगतो. "युद्धात तिचा भाऊ गेला."

कोणीच थट्टा करत नाही. १९६७ ते १९७० चं बिआफ्राचं युद्ध इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, फक्त ते मोठ्याने कोणी काढत नाही. मग ब्रेडवाली बाईच विषय पुढे ढकलते. म्हणते, माझं मत अबिओलाला. लगेच कारकून आठवण करून देतो की अबिओला मुसलमान, त्यांचे जोडीदार बाबागाना किंगिबे मुसलमान, आणि मॅडम तर रविवारी दोनदा चर्चला जातात.

"मी पिठाचे पैसे देते ते मशिदीत वेगळे आणि चर्चमध्ये वेगळे आहेत का? ज्याला गरिबी माहीत आहे त्याला मी मत देते. लहानपणी लाकडं विकलीत त्याने."

"आणि बायका किती आहेत?"

"इतके संसार सांभाळणाऱ्याला देश जड नाही," बाबा बोलून जातात.

"बाबा, ते संसार कोण सांभाळतं ते त्या बायकांनाच जाऊन विचारा!"

इथे थोडं थांबा. हा घोळका तुम्हाला वेळ घालवणारा वाटू शकतो. मला तसं वाटत नाही. एकाच श्वासात पेन्शन, प्रेमपत्र, पिठाचा भाव आणि राष्ट्राध्यक्ष यांवर बोलणारी ही माणसं विषय भरकटवत नाहीयेत. नर्सचं लग्न होईल की नाही हे देशात शांतता राहील की नाही यावर ठरतं, आणि देशात शांतता राहील की नाही हे सगळ्यात आधी त्या मुलाच्या आईला कळतं. तुमच्या-आमच्याकडे हे विषय वेगवेगळ्या पानांवर छापतात. इथे ते एकाच माणसाच्या गळ्याशी आलेत.

शनिवार, १२ जून. रस्ते मोकळे आहेत, डान्फो नाहीत आणि त्या मोकळ्या रस्त्यावर पोरं फुटबॉल खेळतायत. प्रत्येकाला राशिदी येकिनी व्हायचंय, गोलकीपर व्हायला कोणी तयार नाही. सुरुलेरेच्या एका गल्लीत टेबल मांडलंय. आधी नावं तपासतात, मग रांग लागते. मतपत्रिकेवर दोनच चिन्हं आहेत, कारण पक्ष दोनच: अबिओलांच्या सोशल डेमोक्रॅटिक पार्टीचा घोडा आणि बशीर टोफांच्या नॅशनल रिपब्लिकन कन्व्हेन्शनचा गरुड. दोन्ही पक्ष सरकारनेच काढले, एक थोडा डावा आणि एक थोडा उजवा असं ठरवून. ब्रेडवाली बाई आडोशाला जाऊन अंगठा उमटवते, बाहेर येते आणि घडी केलेली पत्रिका सगळ्यांदेखत पेटीत टाकते. शाई लागलेला अंगठा ती पुसत नाही, तसाच वर धरून चालते.

रांगेत योरुबा आहेत, इग्बो आहेत, उत्तरेकडून येऊन इथे कांदा आणि सुया विकणारे हौसा आहेत. सुया म्हणजे शेंगदाण्याच्या मसाल्यात घोळवून निखाऱ्यावर भाजलेलं मांस. सुयावाला मत कोणाला दिलं ते सांगत नाही. कारकून त्याला छेडतो की तू तर आपल्या कानोच्या बशीर टोफाला दिलं असणार. तो म्हणतो, टोफा माझ्याकडून उधारीवर सुया घेऊन गेला असता तर दिलं असतं.

दुपारी मतदान संपतं आणि पेटी तिथेच उघडतात. अधिकारी एकेक पत्रिका वर धरून मोठ्याने पुकारतो. घोडा. घोडा. गरुड. घोडा. भोवतीची माणसं त्याच्याबरोबर मोजतात. चुकीला जागाच नाही, शंभर तोंडं एकदम दुरुस्त करतील. नायजेरियात याआधी झालेल्या निवडणुका आठवणारे बाबा पेटीपासून हलत नाहीत. शेवटची पत्रिका संपते तेव्हा ते कोणाशी न बोलता घरी चालू लागतात, आणि मागून पाहिलं तर ते नाचत चाललेत.

सोमवारपर्यंत चौदा राज्यांचे निकाल बाहेर आलेत आणि त्यांतल्या अकरांत अबिओला पुढे आहेत. खुद्द कानोत, टोफांच्या घरच्या राज्यात, घोडा जिंकलाय. पेपरवाल्याच्या फळीपाशी सुयावाला पहिल्यांदाच आवाज चढवून बोलतोय. पण १६ जूनला आयोग निकाल जाहीर करणं थांबवतो. मग एक आठवडा नुसत्या अफवा.

२३ जूनला, बुधवारी, निवडणूक रद्द झाल्याची घोषणा होते. ती ज्या कागदावरून वाचली गेली त्याला लेटरहेड नव्हतं, त्यावर सही नव्हती, तारीखही नव्हती.

दुसऱ्या दिवशी फळीपाशी आवाज फुटत नाही कोणाचा. पहिल्यांदा बोलतो तो न्नेवीचा मुलगा.

"मी प्रेमपत्र लिहिलं तर त्यावर तारीख घालतो, खाली नाव लिहितो. एवढ्या मोठ्या देशाची मतं रद्द करणारा सही करायला घाबरतो?"

"ना वा ओ," बाबा म्हणतात. काय म्हणावं याला, असं म्हणायची ही इथली पद्धत. तुम्हाला त्यांच्या आवाजात राग ऐकू येतो आणि त्याहून जास्त लाज. या माणसाने परवा कारकुनाला ठणकावून सांगितलं होतं की सरकार आपला हुकूम मोडणार नाही.

५ जुलैला बेको रॅन्सम-कुटी यांच्या 'कॅम्पेन फॉर डेमोक्रसी'ने हाक दिली आणि लागोस बंद पडलं. टायर जळतायत, इकोरोडू रोडवर झाडाच्या फांद्या आडव्या टाकल्यात. पुढच्या दोन दिवसांत रस्त्यावर सैनिक उतरतात. गोळ्या झाडल्या जातात, माणसं मरतात. मेलेल्यांचा आकडा मानवाधिकार कार्यकर्ते शंभराच्या वर सांगतात. महिना संपण्याआधी पंच आणि कॉनकॉर्डच्या दारांना कुलूप लागतं. द न्यूज साप्ताहिकावर बंदी आहे आणि त्याचेच पत्रकार टेम्पो नावाने लपूनछपून नवं साप्ताहिक काढतात. पेपरवाला ते फळीवर ठेवत नाही, शर्टाखाली ठेवतो. मात्र मागणाऱ्याला तोंडही उघडावं लागत नाही.

आणि मग बसच्या अड्ड्यांवर गर्दी उसळते. इग्बो कुटुंबं पूर्वेला निघालीत, पुन्हा १९६६ च्या इग्बोंच्या कत्तलींसारखं होईल या भीतीने. या पळापळीला ते पुढे 'ओसो अबिओला' म्हणतील. छपरावर गाद्या, शिलाई मशिनं, कोंबड्यांची खुराडी. भाडं रोज वाढतंय. न्नेवीच्या मुलाला आईचा निरोप आलाय: दुकान सोड आणि ये. मामाचं जे झालं ते तुझं नको.

तुम्हाला पुढचं माहीत आहे. युद्ध होणार नाही. २६ ऑगस्टला बाबांगिडा पायउतार होतील आणि नोव्हेंबरमध्ये जनरल अबाचा सत्ता बळकावतील. सत्तर कोबोचं लिटरभर पेट्रोल त्याच महिन्यात पाच नायरांवर जाईल. अबिओला ११ जून १९९४ ला स्वतःला राष्ट्राध्यक्ष घोषित करतील, कैदेत पडतील आणि ७ जुलै १९९८ ला कैदेतच मरतील. त्यांची पत्नी कुदिरत यांना १९९६ मध्ये लागोसच्या रस्त्यावर गोळ्या घातल्या जातील. १२ जून हा नायजेरियाचा लोकशाही दिन ठरायला २०१८ उजाडेल. यातलं काहीही त्या मुलाला सांगायची तुम्हाला परवानगी नाही. तुम्ही फक्त बघता की तो बसच्या दारापर्यंत जातो, पिशवी खांद्यावर घेऊन तासभर उभा राहतो आणि परत येतो.

"मुलीने थांबवलं?" बाबा विचारतात.

"नाही. ती म्हणाली, जायचं तर जा, पण माझ्या बापाला भेटून जा."

पण भेटायला जायचं तर बरोबर घरचे वडीलधारे लागतात. मुलाच्या घरचे सगळे नायजर नदीपलीकडे. त्याच्या बाजूने कोण बसणार? यावर दोन दिवस जो वाद झाला तो निवडणुकीच्या वादाहून कडाक्याचा होता. बाबा मुलाचे काका झाले. बाबा स्वतः योरुबा, तेव्हा सोयरिकीची भाषा त्यांना येते. ब्रेडवाली बाई आत्या. कारकुनाने कोट उसना आणला. सुयावाल्याने सांगितलं की मांसाची जबाबदारी माझी, यामचे कंद तुम्ही बघा, या भावात मला नाही परवडत.

ऑगस्टमधला एक शनिवार. एबुटे मेट्टाला, समोरासमोर दारं असलेल्या दहा खोल्यांच्या त्या घरात तुम्ही दाराशी अंग चोरून उभे आहात. अशा घरांना इथे 'फेस मी आय फेस यू' म्हणतात. वीज गेलीय. न्नेवीचा मुलगा योरुबा रिवाजाप्रमाणे सिमेंटच्या जमिनीवर पालथा आडवा होतो, छाती आणि हनुवटी टेकवून. त्याच्या शेजारी कोटासकट कारकून. नवा शर्ट मुलाच्या पाठीवर घामाने चिकटलाय, आणि मुलीचे वडील त्याला उठ म्हणत नाहीत. सगळे वाट बघतायत. वडील खुर्चीत पुढे वाकतात.

"मत दिलंस?"

"दिलं, सर."

"कोणाला?"

मुलगा जमिनीकडे बघतच सांगतो, "घोड्याला."

"मी गरुडाला दिलं," वडील म्हणतात.

आतल्या दारातून मुलीची आई ओरडते की हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं. बाबा खुर्चीतून उठतात, काका असल्याचं विसरतात. "गरुडाला? अबेओकुटाचा माणूस उभा असताना?" वडील म्हणतात, तो अबेओकुटाचा आहे म्हणूनच, मी त्याला तुमच्याहून जास्त ओळखतो. पण दिलेलं मत रद्द करायचा त्या जनरलला काय अधिकार, माझंसुद्धा गेलंच की. ब्रेडवाली आत्या मध्ये पडते, सुयावाला कानोचा आकडा सांगायला लागतो, आणि कारकून आडवा पडूनच विचारतो की आता उठलो तर चालेल का.

"तू ऊठ," मुलीची आई त्याला म्हणते. "नवरा मुलगा तू नाहीस."