साडेसहा तासांचा ‘तो’ अल्बम ऐकून लोक अस्वस्थ का होतात?

‘एव्हरीव्हेअर ॲट द एंड ऑफ टाइम’ हा ब्रिटिश संगीतकार लेलँड कर्बी यांनी ‘द केअरटेकर’ या नावाने केलेला सुमारे साडेसहा तासांचा अल्बम. २०१६ ते २०१९ दरम्यान तो सहा टप्प्यांत आला. विषय आहे डिमेन्शिया, म्हणजेच स्मृतिभ्रंश.

सुरुवातीला ग्रामोफोनच्या खरखरीतून जुनं बॉलरूम संगीत ऐकू येतं. पहिल्याच ट्रॅकमध्ये अल बॉली यांनी गायलेल्या १९३१ च्या ‘हार्टेक्स’ची धून आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात ती परत येते, पण बिघडलेली. चौथ्यापासून ओळखीचं फारसं काही उरत नाही. अगदी शेवटी एक मिनिट शांतता.

२०२० मध्ये टिकटॉकवर हा अल्बम सलग ऐकण्याचं चॅलेंज व्हायरल झालं. कुणी रडलं, कुणी मध्येच बंद केलं, कुणाला आपले आजी-आजोबा आठवले. आजाराचा खेळ केला, अशी टीकाही झाली.

असं का होतं? ही धून मघाशी ऐकलीये हे कळतं, पण ती नीट आठवत नाही. दुसऱ्याच्या विसरण्याबद्दल ऐकता ऐकता आपणच आपली स्मृती चाचपू लागतो.

अर्थात, ही कलाकाराची कल्पना आहे, आजाराचं वैद्यकीय वर्णन नव्हे. प्रत्यक्षात नावं आणि चेहरे विसरलेल्या अल्झायमरच्या अनेक रुग्णांना जुनी गाणी मात्र आठवतात. घरात असं कुणी असेल, तर त्यांच्या आवडीचं गाणं एकदा लावून पाहा.