पिकू द्या, मग बघू

आमच्या राहात्याकडे पूर्वी डोळ्याचा आजार म्हणजे मोतीबिंदू. १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याचाही मुख्य भर त्यावरच. 'अजून पिकला नाही, पिकला की काढू' हे आम्ही इतकं ऐकलं, की धूसर दिसेपर्यंत थांबायचं हे अंगवळणीच पडलं.

मधुमेहात ही सवय घात करते. (आमचा तालुका उसाचा, पण ऊस बिचारा निर्दोष आहे बरं का!) डोळ्याच्या मागच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, तरी दिसायला सगळं ठीक असतं. आणि गेलेली नजर मोतीबिंदूसारखी सहसा परत येत नाही. म्हणून पडद्याचा फोटो.

जिवंत माणसाचा पडदा बघायचं उपकरण हेल्महोल्ट्झने १८५१ साली दाखवलं. १८८६ मध्ये ब्रिस्टॉलच्या जॅकमन आणि वेब्स्टर यांनी त्याचा फोटो काढला, तेव्हा त्या माणसाला अडीच मिनिटं डोळा स्थिर ठेवावा लागला. माझ्या वर्गातली पोरं अडीच सेकंदही स्थिर नसत! आता हेच काम क्षणात होतं. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत मोबाइलवरच्या कॅमेऱ्याने मधुमेहींचे फोटो घेऊन ते इंटरनेटशिवाय, यंत्राच्या बुद्धीने तपासले. २०१९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. २१३ जणांपैकी ज्यांना तज्ज्ञांनी पुढे पाठवलं असतं, ते सगळे यंत्राने पकडले. काही निरोगी माणसंही त्याने उगाच पाठवली, पण ते परवडलं.

भाचे-पुतणे वाचताय ना? आईवडिलांच्या साखरेच्या फाइलीत यंदाचा पडद्याचा फोटो आहे का, तेवढं बघून कळवा.