साथीदारांनी बसायचं कुठं?

संगीत नाटकात हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. रंगमंचाच्या पुढ्यात एका बाजूला ऑर्गन, दुसऱ्या बाजूला तबला, जवळच सारंगी. प्रेक्षकांना ही मंडळी दिसत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. बालगंधर्वांच्या तानेइतकीच अहमदजान थिरकवांच्या तबल्याला आणि कादरबक्षांच्या सारंगीलाही दाद मिळे. ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी राजवाड्यात गाते आहे, मग हा ऑर्गन कुठून आला, असं विचारणाऱ्याला शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं गप्प बसवलं असतं.

१९३१ साली पडदा बोलू लागला आणि हाच प्रश्न मोठा होऊन उभा राहिला. कॅमेऱ्यासमोर जे येईल ते प्रेक्षक खरं धरतो. राजा हरिश्चंद्र वनवासात गात असताना शेजारी तबला दिसला तर वनवास तिथंच संपला. पण तबला लांबही नेता येत नव्हता, कारण गाणं आणि चित्रण एकाच वेळी होई. नट गात असे, कॅमेरा फिरत असे, आणि जवळ टांगलेल्या मायक्रोफोनमधून आवाजाची नोंद फिल्मवर उमटत असे. नंतर सावकाश गाणं जोडण्याची सोय नव्हती. साथीदार माइकला ऐकू आले पाहिजेत, कॅमेऱ्याला मात्र दिसता कामा नयेत. मराठी सिनेमातल्या गाण्याची कुळकथा या अडचणीपासून सांगायला हवी, असं मला वाटतं. गाण्याचा इतिहास आपण गायकांच्या आणि चालींच्या नावानं सांगतो. पण हे गाणं नाटकाच्या गाण्यापासून कसं सुटं झालं, हे साथीदारांच्या बैठकीकडे पाहिलं की नीट कळतं.

मुंबईत १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिक सिनेमात अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ लागला. त्यात सात गाणी होती. स्टुडिओच्या शेजारून रेल्वे जाई, म्हणून गाड्या थांबल्यावर रात्री चित्रण करावं लागलं. वझीर महंमद खानांनी गायलेल्या फकिराच्या गाण्याला साथ होती ती पेटी आणि तबल्याची, तीही चौकटीच्या बाहेर बसून केलेली. पुढच्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, त्याच मॅजेस्टिकमध्ये ‘अयोध्येचा राजा’ झळकला. तो प्रभात फिल्म कंपनीचा पहिला बोलपट. कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती. १ जून १९२९ ला ती सुरू झाली होती आणि तिचे मालक पाच: व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सराफ सीतारामपंत कुलकर्णी. ध्वनिमुद्रणाची जबाबदारी दामल्यांनी घेतली. हा माणूस मुळात पडदे रंगवणारा आणि यंत्रं खोलून जोडणारा. आवाजाचं शास्त्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

संगीत दिलं गोविंदराव टेंब्यांनी, आणि हरिश्चंद्रही तेच झाले. वय पन्नाशीचं. मराठी रंगभूमीचा सगळा वारसा या एका माणसाच्या रूपानं पडद्यावर आला, असं म्हटलं तर ते जास्त होणार नाही. १९११ च्या ‘मानापमान’च्या चाली टेंब्यांच्या. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हा बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्या बरोबरीचे ते भागीदार. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयांना पेटीची साथ केलेले. तारामती झालेल्या दुर्गा खोट्यांचा मात्र रंगभूमीशी काही संबंध नव्हता, आणि तरी आपली गाणी त्यांना स्वतःच गावी लागली. बोलपटाची सुरुवातीची सक्ती अशी होती: चेहरा, अभिनय आणि गळा, तिन्ही एकाच माणसाचं हवं. आज हा चित्रपट पाहताना टेंबे गाऊ लागले की आपण नाट्यगृहातच जातो. माणूस उभा राहतो, गातो, गाणं संपतं आणि कथा पुन्हा चालू लागते. कॅमेरा तोवर आदबीनं थांबलेला असतो.

१९३३ मध्ये प्रभातनं कोल्हापूर सोडलं आणि पुण्याला एरंडवण्यात मोकळ्या जागेवर स्टुडिओ बांधला. तेव्हा तो भाग गावाबाहेरचा. पुढे रस्त्यालाच प्रभात रोड नाव पडलं. ज्या शहरात हे गाणं आलं, त्याच शहरात त्याच्या आजोबांचा जन्म झाला होता. बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक केले. त्यात त्यांनी एक मोठी गोष्ट बदलली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केल्यापासूनच्या नाटकांत गाण्याचा भार सूत्रधारावर असे. तो बाजूला उभा राहून पात्राच्या वतीनं गाई, पात्र हावभाव करी आणि मग आयत्या वेळी सुचेल ते बोले. किर्लोस्करांनी ज्याचं दुःख त्याच्याच तोंडी पद दिलं. शकुंतला स्वतः गाऊ लागली.

इंग्लंडमध्येही गाण्याचा बोलपट रंगभूमीच्याच घरातून निघाला. हिचकॉकचा ‘ब्लॅकमेल’ १९२९ चा. त्यातली नायिका ॲनी ओन्ड्रा परदेशी उच्चारांची, म्हणून ती नुसते ओठ हलवी आणि चौकटीबाहेर उभी राहून जोन बॅरी तिचे संवाद बोले. अडचण आपल्यासारखीच, आणि तोडगाही तसाच हाताशी असेल तो. पुढे ‘सॅली इन अवर ॲली’मध्ये (१९३१) ग्रेसी फील्ड्स आली ती रॉचडेलच्या कामगार वस्तीतून, म्युझिक हॉलच्या मंचावर आयुष्य काढून. जेसी मॅथ्यूज ज्या ‘एव्हरग्रीन’नं (१९३४, दिग्दर्शक व्हिक्टर सॅव्हिल) गाजली, तो तिच्याच १९३० च्या रंगमंचीय खेळावरून केलेला. पण या चित्रपटांत गाणारं पात्र बहुधा धंद्यानंही गाणारंच असे, म्हणजे रंगमंचावरची नटी किंवा खेळ करणारी मंडळी. साथीदार दिसले तरी बिघडत नसे, कारण कथाच नाट्यगृहात घडे. आपल्याकडे गाणार होते राजे, संत आणि सासुरवाशिणी. त्यामुळे आपला पेच अवघड होता, आणि त्यातून निघालेलं उत्तरही मला अधिक मोलाचं वाटतं.

ते उत्तर शोधलं केशवराव भोळ्यांनी. १८९६ चा जन्म. वैद्यकीचं शिक्षण अर्धं सोडलेलं. ‘एकलव्य’ या नावानं गवयांवर लिहिणारे आणि म्हणून गवयांना धाक वाटावा असे टीकाकार. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, त्याचं संगीत भोळ्यांचं. पदांची रांग नाही, मोजकीच गाणी, आणि तीही प्रसंगातून उगवलेली. त्यांची पत्नी ज्योत्स्नाबाई त्यात गात होत्या. हे केलेला माणूस प्रभातमध्ये आला तो पुण्याच्या स्टुडिओतल्या पहिल्याच चित्रपटासाठी, ‘अमृतमंथन’साठी. २१ सप्टेंबर १९३४ ला अप्पा बळवंत चौकाजवळचं प्रभात चित्रगृह याच चित्रपटानं उघडलं.

भोळ्यांनी पहिला घाव घातला तो ऑर्गन-तबल्याच्या मक्तेदारीवर. पियानो, व्हायोलिन आणि हवाईयन गिटार त्यांनी वाद्यमेळात आणली. चित्रपटात गाण्याची लांबी, वाद्यांचा रंग आणि शब्दांची फेक या सगळ्यांचा हिशेब प्रसंगाशी जुळला पाहिजे, ही त्यांची धारणा. शांता आपट्यांचा ठसठशीत, मोकळा आवाज त्यांना मिळाला. ही मुलगी गाताना शब्द गिळत नव्हती आणि गवयाचा आवही आणत नव्हती. नाटकातलं पद ताना-पलट्यांत फुलत जाई. भोळ्यांचं गाणं शब्दाला धरून चालतं आणि काम झालं की थांबतं. भावगीताचा काळ नुकता सुरू होत होता आणि त्याची हवा या स्टुडिओत शिरली, याचं श्रेय त्यांना आपण पुरेसं दिलेलं नाही.

या बदलाची दुसरी, दुखरी बाजू ‘धर्मात्मा’त दिसते. १९३५ साली प्रभातनं खुद्द बालगंधर्वांशी भागीदारी केली आणि त्यांना संत एकनाथ केलं. चित्रपटाचं नाव आधी ‘महात्मा’ होतं. सरकारी सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले, म्हणून ते बदलावं लागलं. संगीत मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचं, म्हणजे भास्करबुवांच्या शिष्याचं आणि गंधर्व मंडळीतल्याच माणसाचं. कागदावर सगळं जुळलेलं होतं. पण ज्या गळ्यानं अख्ख्या महाराष्ट्राला स्त्रीचं लावण्य दाखवलं तो पुरुषवेषात उभा राहिला. शिवाय समोर वन्समोर देणारं कुणी नव्हतं. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, आणि त्यातलंही गाण्याच्या वाट्याला थोडंसंच. प्रेक्षकांच्या श्वासावर पद वाढवत नेणाऱ्या कलावंताला फिल्मच्या फुटांवर गायला लावणं हा त्याच्यावर अन्याय होता असं मला वाटतं, आणि तो कुणी दुष्टपणानं केलेला नव्हता. भागीदारी त्या एका चित्रपटावर संपली.

‘संत तुकाराम’ १२ डिसेंबर १९३६ ला मुंबईच्या सेंट्रलमध्ये लागला आणि ५७ आठवडे चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, संगीत भोळ्यांचं. साथीदारांच्या प्रश्नाला इथं सरळ उत्तर मिळालं: त्यांना चित्रातच घ्या. कीर्तनात टाळकरी मागे उभेच असतात, वीणा गळ्यात असते, चिपळ्या हातात असतात. ही साथ लपवायची गरज नव्हती, कारण ती देहूचीच होती. विष्णुपंत पागनीस मूळचे नाटकात स्त्रीभूमिका करणारे. पण इथं त्यांच्या गाण्यात नाटकाचा दर्प राहिला नाही. ते चालता-बोलता गातात, गाता गाता बोलतात. उलट तुकोबांचे अभंग स्वतःच्या नावावर खपवणारा सालोमालो तेच शब्द लावणीच्या ठसक्यात म्हणतो. चाल बदलली की शब्दांचा भाव कसा नासतो, हे भोळ्यांनी एका खलपात्राच्या गळ्यातून ऐकवलं. संगीताच्या टीकाकारानं संगीतातूनच लिहिलेली ती टीका आहे. गीतकार शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी एक अभंग नव्यानं रचला, तोही इतका मुरलेला की अनेकांनी तो तुकोबांचाच मानला.

तरीही मला विचाराल तर या कुळकथेचं शिखर ‘कुंकू’त आहे. १९३७, दिग्दर्शन शांतारामांचं, कथा ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरची. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हार मानत नाही. या चित्रपटाला वेगळं पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते कथेतल्याच घरातलं आणि रस्त्यावरचं. गाण्याला साथ हवी तर ती कथेतल्याच एखाद्या वस्तूनं करायची, म्हणून घरात ग्रामोफोन आहे. रस्त्यावरून भिक्षेकरी गात जातो, ते गाणं तो भिक्षेकरी असल्यानंच येतं. नीरा एका जागी लाँगफेलोची इंग्रजी कविताही गाते. पुण्या-मुंबईत चार इयत्ता इंग्रजी शिकलेली मुलगी ती शाळेतच शिकली असणार, हे प्रेक्षकाला पटतं. साथीदार चित्रपटातून पूर्ण उठून गेले आणि गाणं उणं झालं नाही. १९३७ साली जगात फार थोड्या ठिकाणी एवढी हिंमत कुणी केली असेल. शांता आपट्यांनी ही नीरा अशा ताकदीनं केली की पुढे १९४० मध्ये त्यांनी लिहिलेलं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक वाचताना तोच करारी आवाज ऐकू येतो.

१९३९ च्या ‘माणूस’मध्ये मास्टर कृष्णरावांनी आणखी एक वाट काढली. मैना कोठ्यावर गाणारी, शांता हुबळीकरांनी साकारलेली. तिच्याकडे साजिंदे असणारच. तिचं ते प्रसिद्ध गाणं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उड्या मारत जातं, कारण गिऱ्हाईकही नाना मुलखांचं.

दरम्यान कलकत्त्याला न्यू थिएटर्समध्ये १९३५ साली नितीन बोस आणि रायचंद बोराल यांनी गाणं आधी मुद्रित करून नंतर त्यावर चित्रण करण्याची पद्धत आणली होती. ती हळूहळू सगळीकडे पसरली. आता साथीदार वेगळ्या खोलीत, हवे तेवढे बसू शकत होते. गळाही नटाचाच हवा ही अट सुटली. म्हणजे फिरून भाव्यांचा सूत्रधार आला: एक बाजूला उभा राहून गातो, दुसरा हावभाव करतो. किर्लोस्करांनी १८८० मध्ये मोडलेली चाल यंत्रानं साठ वर्षांत पुन्हा रुळवली. त्यात मिळालं पुष्कळ. गेली ती दुर्गा खोटे, शांता आपटे यांच्यासारखी नटी, जिच्या गाण्यात तिच्या बोलण्याचाच श्वास असे.

शांताराम प्रभातमधून बाहेर पडले आणि राजकमलचा पहिला चित्रपट म्हणून १९४३ मध्ये त्यांनी ‘शकुंतला’ केला. संगीतकार वसंत देसाई, कोकणातून येऊन प्रभातमध्ये पडेल ते काम करत टेंबे, भोळे आणि कृष्णराव या तिघांच्या हाताखाली तयार झालेले. एरंडवण्यात भोळे १९४४ च्या ‘रामशास्त्री’पर्यंत होते. त्यांच्यानंतर तिथं कोल्हापूरचा एक तरुण गायक आला आणि १९४६ च्या ‘गोकुळ’ला त्यानं संगीत दिलं. त्याचं नाव सुधीर फडके.