वितळणारे बर्फ मोजण्याची शंभर वर्षे

पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत किती क्यूसेक पाणी सोडले, हा आकडा पुणेकर वर्तमानपत्रात रोज वाचतात. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. नदीच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ काढायचे, पाण्याचा वेग मोजायचा आणि दोहोंचा गुणाकार करायचा, ही रीत दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजते. धरणाला लागूनच असलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात १९१६ पासून वाहत्या पाण्याचा अभ्यास चालू आहे. मात्र या रीतीला एक अट आहे: नदीचे पात्र जागेवर राहिले पाहिजे.

हिमनदीच्या तोंडाशी नेमकी हीच अट मोडते. तिथे पाणी गोट्यांच्या ढिगांतून दहा वाटांनी धावते, दुपारी फुगते, पहाटे आटते आणि कालची वाट आज सोडून देते. मग तिथले पाणी मोजायचे कसे? याचा इतिहास पाहायला उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांइतकी चांगली जागा नाही, आणि तिथे भारताचाही थोडा वाटा आहे. ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये स्वालबार्डचा करार झाला. सार्वभौमत्व नॉर्वेचे, पण करारातील देशांच्या नागरिकांना तिथे वावरण्याची मुभा, असे त्याचे स्वरूप. ब्रिटिश अमलाखालच्या हिंदुस्थानच्या वतीनेही त्यावर सही झाली होती. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे त्या सहीकडे कोणी फारसे पाहिले नाही!

१९३४ मध्ये स्वीडनचे भूगोलतज्ज्ञ हान्स आल्मान आणि नॉर्वेचे हाराल्ड स्वेरड्रुप तिथल्या 'चौदा जुलै' नावाच्या हिमनदीवर मुक्कामाला गेले. त्यांनी पाण्याच्या मागे न धावता बर्फाचाच हिशेब मांडला. हिवाळ्यात जमा किती, उन्हाळ्यात खर्च किती? आणि खर्चात थेट सूर्यकिरणांचा भाग किती, उबदार वाऱ्याचा किती? साधन म्हणाल तर बर्फात रोवलेल्या काठ्या. काठी जितकी उघडी पडेल तितका बर्फ गेला. एक मीटर बर्फ गेला तर ०.९ घनता धरून ९० सेंटिमीटर पाणी झाले. नुकत्या पडलेल्या हिमात हवा पुष्कळ असते, म्हणून त्याची घनता खड्डा खणून, वजन करून वेगळी काढावी लागते.

उत्तर अटलांटिकभोवतीच्या हिमनद्या मागे हटत आहेत आणि ध्रुवीय हवा तापते आहे, असे आल्मान त्या काळात सांगू लागले. त्यामागे माणसाचा हात असेल असे मात्र त्यांना वाटत नव्हते. त्यांचा निष्कर्ष मागे पडला, पण हिशेबाची पद्धत टिकली. माझ्या मते त्यांचे मोठेपण याच पद्धतीत आहे.

ही पद्धत चिकाटीने चालली ती नी-ऑलेसुंद येथे. ७९ अक्षांशाजवळचे हे मुळात कोळसा खाणीचे गाव. नोव्हेंबर १९६२ मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ कामगार दगावले. त्यावरून दुसऱ्या वर्षी नॉर्वेचे सरकार पडले, खाण बंद झाली आणि रिकाम्या घरांत हळूहळू शास्त्रज्ञ राहू लागले. नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने गावाजवळच्या ऑस्त्रे ब्रॉगरब्रेनवर १९६७ पासून आणि मित्रे लोव्हेनब्रेनवर १९६८ पासून दरवर्षी काठ्या वाचल्या आहेत. बहुतेक वर्षे तोट्याची. एखाद-दुसऱ्या वर्षाच्या तोट्यावरून काहीच सांगता आले नसते. सलग पन्नासहून अधिक वर्षांच्या नोंदीवरून सांगता येते.

भारताचे ध्रुवीय संशोधन दक्षिणेकडून सुरू झाले. अंटार्क्टिकाची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली. वास्कोला १९९८ मध्ये ध्रुवीय संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र उभे राहिले, आणि १९२० च्या त्या सहीला अखेर अर्थ आला तो १ जुलै २००८ रोजी, नी-ऑलेसुंदमध्ये 'हिमाद्री' हे भारतीय ठाणे उघडले तेव्हा. भारतीय शास्त्रज्ञांनी पुढे जवळच्या वेस्त्रे ब्रॉगरब्रेनवर काठ्या रोवल्या.

काठी बर्फाचा खर्च सांगते, पण वितळलेले सगळे पाणी बाहेर येतेच असे नाही. काही खालच्या थंड हिमात झिरपून पुन्हा गोठते. त्यामुळे ओढाही मोजावा लागतो, आणि तिथे मीठ कामी येते. एक किलो मीठ पाण्यात विरघळवून ओढ्यात एकदम ओतायचे आणि खाली, ते नीट मिसळेल इतक्या अंतरावर, पाण्याची विद्युतवाहकता मोजत राहायचे. समजा, खारी लाट १०० सेकंद चालली आणि त्या काळात मिठाचे प्रमाण सरासरी लिटरला ०.०२ ग्रॅमने वाढले. १००० ला (१०० × ०.०२) ने भागले की सेकंदाला ५०० लिटर, म्हणजे सुमारे साडेसतरा क्यूसेक. पात्राचा छेद लागला नाही की वेगही नाही! उलट ओढा जितका खळाळता तितके मीठ चांगले मिसळते. शाळेजवळच्या एखाद्या ओहोळावर चिमूटभर मीठ आणि साधा वाहकतामापक घेऊन हे करून पाहण्यासारखे आहे.

मात्र क्रोनेब्रेनसारखी हिमनदी थेट समुद्रात उतरते. तिचे पाणी बर्फाच्या कड्याखालून, समुद्राच्या पोटातच बाहेर पडते. तिथे ना ओढा, ना काठ. मग समुद्रालाच विचारायचे. जुलै २०१४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी नॉर्वेच्या मदतीने कोंग्सफ्योर्ड या खाडीत सुमारे १९२ मीटर खोल पाण्यात 'इंडआर्क' ही उपकरणांची माळ सोडली. माणसे तिथे क्वचितच जाऊ शकतात अशा काळोख्या हिवाळ्यातही ती पाण्याचे तापमान आणि क्षारता नोंदवते.

या कामाची निकड आता अधिकच कळते. १९७१ ते २०१७ या काळात स्वालबार्डची हवा तीन ते पाच अंशांनी तापली. २०२४ च्या एकाच उन्हाळ्यात तिथल्या हिमनद्यांनी सुमारे ६० अब्ज टन बर्फ गमावला, एकूण साठ्याचा जवळजवळ एक टक्का. ३६० अब्ज टन पाण्याने जगातील समुद्र एक मिलिमीटर चढतो, तेव्हा हा वाटा मिलिमीटरचा सहावा हिस्सा. (समुद्रावर तरंगणारा बर्फ यात धरायचा नाही, तो आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. पेल्यातल्या बर्फाच्या खड्याने हे वर्गात दाखवता येते.)

क्षारतेवरून गोडे पाणी काढण्याचे गणित सोपे आहे. बाहेरच्या समुद्रात किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार आणि खाडीच्या पृष्ठभागावर २८ ग्रॅम सापडले, तर तिथले एक पंचमांश पाणी गोडे. पण ते हिमनदीचे की वितळलेल्या समुद्री बर्फाचे? यासाठी ऑक्सिजनचे जड समस्थानिक मोजतात. आकाशातून पडलेल्या हिमात ते कमी असते. समुद्रावर गोठलेल्या बर्फात ते जवळजवळ समुद्राइतकेच असते. पाऊस आणि हिमनदी यांचे पाणी वेगळे ओळखणे त्याहून अवघड, कारण दोन्ही आकाशातूनच आलेली, आणि हवा तापल्यापासून तिथे हिमाऐवजी पाऊसही अधिक वेळा पडू लागला आहे. म्हणून खाडीतल्या आकड्यांबरोबर डोंगरावरच्या काठ्या आजही दरवर्षी वाचाव्या लागतात.