गोळी कुठे पडते? एका चुकलेल्या तक्त्याचा इतिहास | थ्रेड

पहिल्या महायुद्धात उतरलेल्या अमेरिकन सैन्याजवळ आपल्या .३० कॅलिबरच्या गोळीविषयी एक आकडा होता. कमाल पल्ला ४७०० यार्ड, म्हणजे जवळजवळ ४.३ किलोमीटर. प्रत्यक्षात ही गोळी ३४०० यार्डांच्या आसपास जमिनीवर येत असे.

तीन-चार किलोमीटरवरच्या माणसाला रायफलने टिपणार तरी कोण, असा प्रश्न इथे पडेल. टिपत कोणीच नव्हते. पण त्या युद्धात मशीनगनचा उपयोग तोफेसारखा होऊ लागला होता. शत्रू दिसत नसतानाही नळी वर उचलायची, कोन मोजायचा आणि आपल्याच पायदळाच्या डोक्यावरून दूरच्या खंदकांवर व रस्त्यांवर गोळ्यांचा पाऊस पाडायचा. या माऱ्यात नेम धरणारा डोळा नसतो, असतो तो फक्त तक्ता: अमुक अंतरासाठी तमुक कोन. तक्ता चुकला तर ज्या रस्त्यावर मारा व्हायचा तो सुरक्षित राहतो आणि गोळ्या अलीकडे पडतात. अलीकडे कोण उभे असते, हे वेगळे सांगायला नको.

हा तक्ता चुकला कसा, हे समजण्यासाठी पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

गॅलिलिओने १६३८ साली फेकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्त असतो, हे सिद्ध केले. तो नियम निर्वात जागेचा होता. पण जड आणि वेगवान गोळ्याला हवा काय अडवणार, या समजुतीने पुढची शंभर वर्षे बहुतेक विद्वान तोच नियम तोफांना लावत राहिले. या समजुतीला धक्का दिला इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने. १७४२च्या आपल्या ग्रंथात त्याने गोळीचा वेग मोजण्याचे एक साधन मांडले, आणि ते आश्चर्य वाटावे इतके साधे होते. ज्ञात वजनाचा एक जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगायचा आणि त्यात गोळी झाडायची. गोळी आत रुतते, ठोकळा मागे झुलतो आणि त्याला बांधलेली फीत तेवढीच ओढली जाते. फितीची लांबी मोजली की झोका कळतो, झोक्यावरून ठोकळ्याचा वेग आणि संवेगाच्या नियमाने गोळीचा वेग.

आता त्याचे आकडे पाहावेत. पाऊण इंच व्यासाची मस्केटची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे १७०० फूट वेगाने सुटते. अन्वस्ताच्या हिशेबाने ४५ अंशांवर झाडलेली ही गोळी १७ मैल जायला हवी. ती जात होती अर्ध्या मैलाहूनही कमी. उरलेले साडेसोळा मैल हवेने खाल्ले होते! लंबक निरनिराळ्या अंतरांवर ठेवून वाटेत किती वेग घटतो हेही रॉबिन्सने मोजले, आणि ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा रोध एकाएकी वाढतो हेही त्याच्या नजरेतून सुटले नाही. त्या काळाच्या मानाने ही नजर विलक्षणच म्हणावी लागेल.

प्रशियाच्या फ्रेडरिक राजासाठी खुद्द ऑयलरने १७४५मध्ये या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले. त्यावरच्या त्याच्या टिपा मूळ ग्रंथाच्या कितीतरी पट मोठ्या झाल्या. रॉबिन्सचा शेवट मात्र हिंदुस्थानात झाला. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपल्या किल्ल्यांची तटबंदी सुधारण्यासाठी पाठवले आणि जुलै १७५१मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात तो तापाने गेला. वय अवघे ४४.

लंबकाची एक मोठी अडचण होती: गोळी त्यातच संपते. एकाच गोळीचा वेग वाटेत कसा कमी होत जातो हे पाहायचे तर तिला न थांबवता मोजायला हवे. ते जमले विजेमुळे. १८६०च्या दशकात वुलिच येथे फ्रान्सिस बॅशफोर्थ या गणिती पाद्र्याने दीडशे-दीडशे फुटांवर दहा पडदे उभारले. तोफेचा गोळा पडद्यातील दोरे तोडत पुढे जाई, प्रत्येक वेळी विजेचा प्रवाह खंडित होई आणि फिरत्या दंडगोलावरच्या कागदावर खूण उमटे. (आकडेमोड शिकणाऱ्यांना भेटणाऱ्या ‘ॲडम्स-बॅशफोर्थ पद्धती’तला बॅशफोर्थ तो हाच. गंमत अशी की ती पद्धत तोफगोळ्यांसाठी नव्हे, तर द्रवाच्या थेंबांचे आकार काढण्यासाठी प्रसिद्ध झाली.)

बॅशफोर्थची, जर्मनीतील क्रुप कारखान्याची आणि रशियन जनरल मायेव्हस्कीची मोजमापे हाताशी आल्यावर इटलीच्या सियाची याने १८८०च्या सुमारास गणित सोपे केले. कल्पना अशी: एका ‘प्रमाण’ गोळ्याचा वेग कसा घटतो याचा तक्ता एकदाच करून ठेवायचा. मग आपली गोळी त्या प्रमाण गोळ्याच्या तुलनेत हवा किती चांगली कापते, हे सांगणारा एकच गुणांक काढायचा. त्या गुणांकावरून कोणत्याही अंतराचा वेग, वेळ आणि उतार मिळतो. अमेरिकेत जेम्स इंगल्स याने असेच तक्ते प्रचारात आणले. आजही काडतुसांच्या खोक्यावर छापला जाणारा ‘बॅलिस्टिक कोएफिशंट’ याच वंशातला आहे.

चूक इथेच दबा धरून बसली होती. एक गुणांक सगळ्या प्रवासाला पुरतो, हे गृहीत तेव्हाच खरे असते जेव्हा गोळीचा आकार प्रमाण गोळ्यासारखा असतो. १९०६ची अमेरिकन गोळी वजनाने १५० ग्रेन, टोकदार आणि सपाट बुडाची होती. ध्वनीहून वेगाने जाताना रोधाचा मोठा भाग टोकापुढच्या आघात-तरंगामुळे येतो. तिथे अणकुचीदार टोक उत्तम काम करते. पण हजारेक यार्डांनंतर वेग ध्वनीच्या खाली उतरतो. मग सत्ता बुडाची: सपाट बुडामागे पोकळी तयार होते आणि ती गोळीला मागे खेचते. जवळच्या अंतरांवर खरा ठरलेला हिशेब पुढच्या दोन हजार यार्डांवर ताणला गेला. तिथे गोळी पडताना कोणी पाहिलेच नव्हते.

म्हणून आता पाहायचे ठरले. आधी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्डजवळच्या एका जलाशयावर, पुढे फ्लोरिडात मायामी व डेटोना बीचच्या किनाऱ्यांवर चाचण्या झाल्या. पाण्यावर उडालेला शिंतोडा निदान दिसतो, आणि डेटोनाची ओहोटीची सपाट वाळू तर गोळीची खूण जपून ठेवते. ज्युलियन हॅचर या अधिकाऱ्याने या प्रयोगांची हकिगत लिहून ठेवली आहे. मायामीला मशीनगन सरळ आभाळाकडे रोखूनही गोळ्या झाडल्या गेल्या. पाचशेहून अधिक गोळ्यांपैकी दहा फूट चौरस मचाणावर परतल्या फक्त चार. खालची माणसे पोलादी छताखाली बसून कान देत होती.

उत्तर युरोपात आधीच सापडलेले होते. १८९८ची फ्रेंच आणि १९११ची स्विस गोळी मागे निमुळती होत जाणारी, होडीच्या मागच्या टोकासारखी होती. त्याच धर्तीवर अमेरिकेने १९२०च्या दशकात सुमारे १७३ ग्रेनची ‘एम-१’ गोळी स्वीकारली. सुटतानाचा वेग जुन्या गोळीहून किंचित कमी, पण पल्ला ५५०० यार्डांच्या घरात. आता आकडे तक्त्यातले नव्हते, वाळूत मोजलेले होते.

आणि मग नवीच अडचण आली. देशातली सरावाची मैदाने जुन्या गोळीच्या पल्ल्यानुसार आखलेली होती. एम-१ गोळी कित्येक ठिकाणी त्यांची सुरक्षित हद्द ओलांडून जाऊ शकत होती. नॅशनल गार्डच्या तुकड्यांनी १९३०च्या दशकात जुन्यासारखी कमी पल्ल्याची गोळी मागितली. ती बनली, आणि दुसरे महायुद्ध येईपर्यंत साऱ्या सैन्याची नेहमीची गोळी तीच झाली: ‘एम-२’, वजन सुमारे १५० ग्रेन, बूड सपाट, कमाल पल्ला जवळपास ३५०० यार्ड.